निळी कढी

मालवण
१० नोव्हेंबर १९५९

चि. काशीराम यास भिकाजीकाकाचे आशीर्वाद.

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच आणि वाचून फाडून टाक. आधी पाकिटाची कड बघ. डिंक ओला करून उघडल्यासारखी वाटली तर तसं कळव. आमचा पोस्टमन अलीकडे माझ्याशी फार गोड बोलतो.

तुझी यशोदाकाकी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि सून. बाबू ऑगस्टात बोटीवर चढला तो आता शिमग्याला उतरणार. सून सुगंधा देवबागची. लग्नाला वर्ष झालं, पण माणूस वर्षात कळत नाही. मी मामलेदार कचेरीत तीस वर्षं काढली, सह्या बघून चोर ओळखले. ही पोर मात्र ओळखता येत नाही. वर मान करून बोलत नाही, आणि जी बोलत नाही ती मनात काय शिजवते ते कोणास ठाऊक.

आता मुद्दा. दुपारच्या जेवणात मला सोलांची कढी लागते. नारळाचा रस न घातलेली, नुसत्या सोलांची, पातळ. गेले काही दिवस माझ्या वाटीत ओतली की ती निळी होते. वर बारीक फेस येतो, फसफसते. सून तीच कढी आपल्या वाटीत घेते, तिची लालच्या लाल. माझी वाटी चांदीची, तुझ्या काकीच्या माहेरून आलेली. विषाला चांदी ओळखते असं जुनी माणसं म्हणत.

निळी कढी बाटलीत भरून आपल्या लवूबरोबर बोटीने पाठवतो आहे. तू रसायनात एम.एस्सी. करतोस. तुझ्या बापाच्या माघारी तुला मुंबईला मी धाडलं ते उगाच नव्हे. तिच्यात काय आहे ते शोध, आणि बाबूला यातलं अक्षर कळवू नकोस.

भिकाजी


मुंबई
२४ नोव्हेंबर १९५९

ती. काका,

साष्टांग नमस्कार. पाकीट कोणी उघडलेलं नव्हतं.

लवू बाटली देऊन गेला. पण बाटलीतली कढी लाल आहे! बूच काढताच आंबूस वास आला. वाटेत ती आंबली असणार. सोलांच्या रंगाची गंमत अशी की आंबट असेपर्यंत तो लाल राहतो. आंबटपणा मारणारा क्षार पडला की निळा होतो, पुन्हा आंबट झाला की पुन्हा लाल. मी परीक्षानळीत करून पाहिलं. आमच्या प्रयोगशाळेत माहीत असलेली विषंही तपासली. एकही सापडलं नाही.

तेव्हा घाबरू नका. मला फक्त एवढं सांगा: तुमच्या वाटीत चुना, राख किंवा सोडा यांतलं काही पडतं का? तिन्ही क्षार आहेत. फेस येतो म्हणता, त्याचंही कारण यातच असेल.

वहिनींविषयी लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. गेल्या मे महिन्यात मी आलो होतो तेव्हा त्या तुमचं पान वाढल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नव्हत्या.

तुमचा
काशीराम


मालवण
२ डिसेंबर १९५९

चि. काशीराम यास आशीर्वाद.

बाटलीत निळी भरली ती मुंबईला लाल पोचली. म्हणजे वाटेत बाटली बदलली. लवूची सासुरवाडी देवबागेत आहे हे माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं. मी त्याला बंदरावर गाठून विचारलं, "लवू, बाटलेक हात कोणी लावलो?" तर म्हणतो, "काकानू, मी रातभर उशाक घेवन निजलंय." रात्रभर उशाला घेऊन निजायला ती काय बायको होती?

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. मी पान खात नाही, म्हणून चुना घरात नाही. राखेने भांडी सून घासते, पण माझ्या वाटीला ती हात लावत नाही. ती वाटी मी कपाटात ठेवतो, मीच काढतो, मीच धुतो. तुझी काकी गेल्यावर दुसऱ्या कोणाचा हात तिला लागू दिलेला नाही. तेव्हा जे पडतं ते कढीतून पडतं, आणि कढी कोण करतं ते तुला ठाऊक आहे.

तिला चौथा महिना लागला आहे. आनंदाची गोष्ट. पण त्यावरूनही मनात येतं. परवा माजघरात शेजारणीला सांगत होती, "माका मुंबयक ऱ्हवाचा आसा, ह्यांच्या वांगडा." म्हातारा असेपर्यंत तिला नवऱ्याबरोबर मुंबई कशी मिळणार? म्हातारा नसला तर वाट मोकळी.

तू "रंग असा होतो, रंग तसा होतो" असं मोघम लिहिलंस. कचेरीत मोघम चालत नाही. एकच कढी दोन रंगांची कशी होते ते आकृती काढून दाखव.

भिकाजी


मुंबई
१५ डिसेंबर १९५९

ती. काका,

साष्टांग नमस्कार. आकृती मागितलीत याचा मला खरोखर आनंद झाला. सध्या आम्ही हेच शिकतो आहोत, आणि खोलीतली मुलं माझं ऐकून घ्यायला तयार नसतात!

सोबतच्या कागदावर निळ्या रंगाच्या कणाची दोन चित्रं आहेत. षट्कोनी घरं दिसतात ती कार्बनच्या अणूंची कडी. जिथे दोन रेघा आहेत तिथे इलेक्ट्रॉनांची जास्तीची जोडी आहे. डावीकडच्या चित्रात उण्याची खूण डाव्या टोकाच्या ऑक्सिजनवर आहे. तिथून वाकडे बाण काढलेत ते इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची वाट दाखवतात: ही जोडी इथून उठली, पुढच्या रेघेवर बसली, तिथली पुढे सरकली. असं शेवटपर्यंत गेलं की उजवीकडचं चित्र तयार होतं, त्यात उण्याची खूण उजव्या टोकाला. दोन्ही चित्रांच्या मधे दोन्हीकडे टोकं असलेला बाण आहे. याला आमचे सर रेझोनन्स म्हणतात.

अणू जागचा हलत नाही, इलेक्ट्रॉन तेवढे पसरतात. क्षार पडला की ते अधिक ऐसपैस पसरतात, मग तो कण वेगळा प्रकाश गिळतो आणि आपल्याला निळा दिसतो. मला तर हे फार सुंदर वाटतं. कढी वाढून घेताना मी आता तिच्यातले बाण मोजत बसतो आणि जेवण थंड होतं.

काही अडलं तर विचारा.

तुमचा
काशीराम


मालवण
५ जानेवारी १९६०

चि. काशीराम यास आशीर्वाद.

तुझी आकृती मिळाली. तू सरळ लिहायला कचरलास, पण चित्र काढायला कचरला नाहीस, हे तुझ्या बापाच्या रक्ताला शोभलं. मी ती तीन दिवस वाचली.

चित्रं दोन. म्हणजे वाटीत द्रव्यं दोन. एक निरुपद्रवी, एक घातकी. उण्याची खूण कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. आणि मधला बाण दोन्हीकडे तोंड करून बसलेला, म्हणजे हवं तेव्हा यातून त्यात जातं आणि तपासणी आली की मुकाट माघारी येतं. म्हणूनच मुंबईला बाटली लाल पोचली! लवूवर मी उगाच संशय घेतला.

पण खरं चित्र कोणतं? ते तू लिहिलं नव्हतंस. मग मी आकृती घेऊन देवळात गेलो आणि कौल लावला. धोंडू गुरवाने पाषाणावर पाणी घातलं, उजवीकडे फुलाचा एक कळा चिकटवला, डावीकडे एक. उजवा पडला तर उजवं चित्र खरं, डावा पडला तर डावं. धोंडूने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही दोन चित्रां तुझ्या पायाकडे ठेवलेली आसत. ह्यातला खरा खंयचा, ता कळो देवन सांग म्हाराजा." आम्ही बसलो. उन्हं कलली. फुलाच्या पाकळ्या त्या, वाऱ्याच्या झुळकीने पडायच्या, पण दगडात कोरल्यासारख्या राहिल्या. शेवटी धोंडू म्हणाला, "काकानू, देव आज बोलाचो नाय. प्रश्न बदला."

प्रश्न कसला बदलायचा? देवानेही बोलायचं टाळलं, एवढं हे प्रकरण वाईट. घरी आलो, कागद सुनेपुढे ठेवला आणि विचारलं, "ह्यातला तू खंयचा घातलंस?" ती कागदाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या होडीने तिला देवबागेला पोचती केली. घरात सवाष्ण नाही आणि शेजारणीला बोलवायचं मनात नव्हतं, म्हणून ओटी भरली नाही. आता घरात शांत वाटतं. जरा जास्तच शांत आहे.

भिकाजी


देवबाग
१२ जानेवारी १९६०

काशीराम भावोजींना सुगंधाचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. माझं अक्षर वाईट आहे ते गोड मानून घ्या.

तुम्ही असं काय लिहून पाठवलंत की मामंजींनी मला घराबाहेर काढलं? तो कागद मी पाहिला. सहा कोनांची घरं होती, एकाला एक लागून, आणि त्यांच्यावर विळ्यासारखे वाकडे बाण. मामंजी म्हणाले हे तुझ्या करणीचं चित्र, मुंबईच्या कॉलेजात काढलेलं. कॉलेजातलं चित्र खोटं असं मी पाचवी शिकलेली कशी म्हणणार?

होडीतून उतरले तेव्हा आई वाळूत उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. ओटीकडे बघितलं आणि म्हणाली, "गो सुगंधा, ओटयेत नारळ खंय?" गरोदर सून रिकाम्या ओटीने माहेरी आली याचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो. दोन दिवसांत गावभर झालं. शेजारची रुक्मिणी माझ्या हातचं पाणी घेत नाही. तिच्या मुलाला मी गूळ दिला, तो तिने त्याच्या मुठीतून काढून कोंबड्यांना टाकला. कोंबड्या मेल्या नाहीत. तरी तिला पटलं नाही.

हे शिमग्याला येतील. बंदरावर उतरून घरी जातील, मी नसेन. मामंजी सांगतील ती गोष्ट आधी ऐकतील, मग माझी. आधी ऐकलेलं खरं वाटतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

भावोजी, तुमचाही माझ्यावर संशय असेल तर तसं लिहा. नसेल तर एवढंच सांगा, त्या दोन चित्रांतली मी कुठली?

सुगंधा


मुंबई
२० जानेवारी १९६०

ती. काका,

नमस्कार. हे पत्र रागाने लिहितो आहे, चुकून अधिकउणं लिहिलं गेलं तर क्षमा करा. वहिनींचं पत्र आलं. त्यांनाही आजच लिहिलं, की त्या चित्रांत तुम्ही कुठेच नाही.

काका, द्रव्यं दोन नाहीत. द्रव्य एकच आहे. तो जसा आहे तसा कण आम्हाला एका चित्रात काढता येत नाही, म्हणून दोन काढावी लागतात. कमीपणा आमच्या पेन्सिलीचा आहे. आपला किल्ला बंदरावरून एक दिसतो आणि देवबागेकडून दुसरा. दोन चित्रं काढलीत म्हणून किल्ले दोन होत नाहीत, आणि किल्ला या चित्रातून त्या चित्रात उड्याही मारत नाही. मधल्या बाणाचा अर्थ एवढाच, की खरा कण दोन्ही मिळून समजून घ्या. तो जाण्यायेण्याचा बाण नव्हेच. हे मी आधी लिहायला हवं होतं. बाण काढण्याच्या नादात राहून गेलं.

तुम्ही देवाला विचारलंत, यातलं खरं चित्र कोणतं. देव गप्प बसला. आमच्या परीक्षेत हा प्रश्न आला तर पूर्ण गुण त्या उत्तराला मिळतील. एकही खरं नाही, मग कळा कोणता पाडणार?

वहिनींना आणा. आणत नसाल तर निदान एवढं कळवा: आता कढी कोण करतं, आणि ती कुठल्या रंगाची होते?

काशीराम


मालवण
४ फेब्रुवारी १९६०

चि. काशीराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र उद्धट आहे. तू सुनेची बाजू इतक्या हिरिरीने का घेतोस, याचाही मी विचार केला. मग तुझी काकी डोळ्यांपुढे आली आणि तो विचार सोडून दिला.

कढी मी करतो. निळी होते.

पहिल्या दिवशी वाटलं, सोलांच्या बरणीत तिने काही कालवून ठेवलं असेल. बरणी परसात उपडी केली, बाजारातून नवी सोलं आणली. निळी. मग मीठ बदललं. निळी. मग आडाच्या पाण्याचा संशय आला, म्हणून देवळाच्या विहिरीचं आणलं. निळी, आणि फेस होता तसाच. आता घरात माझ्याशिवाय कोणी नाही. कोणी रात्री येऊन जातं का हे बघायला उंबऱ्यावर पीठ पसरून ठेवलं. सकाळी पिठात माझीच पावलं.

देवबागेची करणी असेल तर ती पाण्यावरून इतक्या लांब पोचते का, हे धोंडूला विचारलं. तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

घर खायला उठतं. दुपारी पान मांडलं की मी दोन मांडतो, मग एक उचलतो.

भिकाजी


मुंबई
१२ फेब्रुवारी १९६०

ती. काका,

नमस्कार. तुमची सगळी पत्रं आज पुढे घेऊन बसलो. नोव्हेंबरात मी तुम्हाला तीन वस्तू विचारल्या होत्या: चुना, राख, सोडा. तुम्ही उत्तरं दोनचीच दिलीत. चुना नाही, राख नाही. सोड्याबद्दल अक्षर नाही. दुसऱ्या कोणी कचेरीत असा जबाब दिला असता तर तुम्ही त्याला उभा केला असता.

काल प्रयोगशाळेत बोटाला सोडा लागला, तो चुकून जिभेवर गेला, आणि ती चव मला ओळखीची वाटली. मी सहासात वर्षांचा असेन. खुंटीवरच्या तुमच्या काळ्या कोटाच्या खिशात पांढरी पुडी होती, ती साखर समजून मी चाटली होती. तुम्ही ओरडला होता, "ता माझा औषध आसा, कोणाक सांगलंस तर बघ!" मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

कृपा करून एक करा. कढी एका साध्या वाटीत घ्या आणि एक तुमच्या चांदीच्या वाटीत. मग निळीत लिंबू पिळा. काय होतं ते मला नाही कळवलंत तरी चालेल. शिमगा जवळ आला आहे.

काशीराम


मालवण
२९ फेब्रुवारी १९६०

काशीराम,

साध्या वाटीत लाल. माझ्या वाटीत निळी. लिंबू पिळलं, लाल झाली.

वैद्याने मला आंबट बंद करायला सांगितलं होतं. पित्त आहे. बाबूला कळलं असतं तर त्याने कढी बंद केली असती, म्हणून सुनेला मी सांगितलं, वैद्याने परवानगी दिली. दुपारी जळजळ सुरू झाली की कपाटाआड त्याच वाटीत सोडा कालवून पितो. हल्ली जळजळ वाढली, तसा सोडाही वाढला. मग वाटी उपरण्याने पुसतो. धुतो असं लिहिलं होतं. धूत नव्हतो. धुवायला परसात जावं लागतं, आणि परसातलं सुनेला चुलीपासून सगळं दिसतं. तळाला थर बसतो.

तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मला कळलं नव्हतं. अगदीच कळलं नव्हतं असंही नाही. सोडा म्हटलं की कढी जाणार, एवढंच मला दिसलं. वाटीभर कढीसाठी मी पोटुशी पोर घराबाहेर काढली. तिने कागदाकडे बघितलं तेव्हाचं तिचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता काय करायचं ते लिहू नकोस.

भिकाजी


देवबाग
७ मार्च १९६०

काशीराम भावोजींना सुगंधाचा नमस्कार.

काल मामंजी आले. छत्री, काळा कोट, भर उन्हात. ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही. आई चुलीपाशी जाऊन बसली, बाहेर येईना. त्यांनी पिशवीतून एक नारळ काढला. ओटी बायकांनी भरायची असते, म्हणून तो त्यांनी नुसता उंबऱ्यात ठेवला. मी तो उचलला नाही.

मग म्हणाले, "गो सुगंधा, वायच कढी कर. नुसत्या सोलांची." आवाज एवढा मोठा होता की रुक्मिणी कुडाशी आली, तिच्यामागून आणखी चार बायका. जाळी विणत बसलेले बाप्येही उठून आले. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत आणखी काय करायचं राहिलंय? पण नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, करायला घाबरते. म्हणून केली.

मामंजींनी पिशवीतून सासूबाईंची ती चांदीची वाटी काढली. खिशातून कागदाची पुडी काढली, सगळ्यांना दाखवली आणि वाटीत उपडी केली. मला म्हणाले, "वत." मी ओतली. कढी फसफसून वर आली आणि निळी झाली. रुक्मिणीने तोंडावर हात धरला.

मामंजी उभे राहिले. म्हणाले, "बघलास मा सगळ्यांनी? निळा झाला. ह्याच्यात माझ्या सुनेचो हात नाय. वाटी माझी, सोडो माझो. खोटो मी." आणि वाटी तोंडाला लावली.

तुम्हाला सांगायचं आहे ते याच्यामधलं. लावण्याआधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. भावोजी, त्यांच्या डोळ्यांत अजून संशय होता. तुमची पत्रं झाली, लिंबू झालं, एवढ्या लोकांपुढे बोलून झालं, तरी होता. कढी माझ्या हातची होती, आणि दोन महिने ते मला काय म्हणत आले ते आम्हा दोघांनाच पुरतं ठाऊक. थोडी कोटावर सांडली. तरी प्यायले. तळापर्यंत प्यायले.

संशय फिटला म्हणून नुसते न्यायला आले असते तर मी गेले नसते. उद्या दुसरं काही निळं झालं असतं आणि तो परत आला असता. पण संशय असूनही जो माणूस माझ्या हातचं पितो, त्याच्या घरात राहता येईल असं मला वाटलं.

नारळ मग मी उचलला. रुक्मिणीने ओटी भरली. तिलाच भरायला लावली.

उद्या सकाळच्या होडीने जाते. हे येतील तेव्हा मी दारात असेन, आणि यांना काय सांगायचं ते मामंजींनी माझ्यावर सोपवलं आहे. त्यांची कढी आजपासून बंद. त्याला ते हो म्हणाले, पण मान दुसरीकडे करून, तेव्हा लक्ष ठेवावं लागेल. वाटी मी राखेने घासून, तीन पाण्यांनी धुऊन माझ्या ट्रंकेत ठेवली आहे. मागितली नाही त्यांनी.

सुगंधा